सासूबाईंची ठळक प्रत

३ जून
मेहुण्याचा फोन. आईच्या चित्राची कॉपी हवी आहे. सासऱ्यांनी काढलेलं पेन्सिलचं चित्र, सासूबाई बटण शिवताहेत. सासूबाई कॅमेरा दिसला की आत पळायच्या म्हणे, त्यामुळे फोटो एकही नाही. आहे ते हेच. सासरे ते घराबाहेर जाऊ देत नाहीत. पण मी जावई, वर माझं कॉपीचं दुकान. फ्रेममधून काढून घेतलं. म्हटलं, संध्याकाळपर्यंत आणतो. बायको म्हणाली, जपा. इतकी वर्षं लोकांचे कागद जपतोय, आणि मला सांगते!

४ जून
नेऊन दिलं नाही. घाईत चांगलं काम होत नाही.
मशीनमधून पहिली कॉपी कोरी आली. पेन्सिलच फिकी, चूक चित्रकाराची. डार्क वाढवलं तर आधी कागदाचा पिवळेपणा उमटला. सासूबाई धुरात बसल्यासारख्या दिसतात.

६ जून
कॅमेरा लावला, दोन्ही बाजूंनी दिवे. पेन्सिल चमकते. एका फोटोत चेहरा बरा आला, पण फिका. बायकोला दाखवला. ती बघतच राहिली, डोळे पुसले, म्हणाली हाच द्या. भावनेच्या भरात क्वालिटी कळत नाही. सगळे फोटो डिलीट केले. आपल्या दुकानातून फिकं काम बाहेर जात नाही.

९ जून
उपाय सापडला! गिऱ्हाइकाचं अक्षर फिकं असलं की आपण सांगतोच, जरा गिरवून आणा. तेच तत्त्व. काळं पेन, सगळ्यात बारीक टोक. फक्त अंबाड्याची कड गिरवली. कॉपीत अंबाडा झकास. खाली चेहरा गायब. नुसता अंबाडा कसा पाठवणार?

१० जून
डावी भुवई गिरवली. किंचित जाड झाली. उजवी तिच्याशी जुळवली, ती जास्त जाड झाली. म्हणून परत डावी. इथे थांबायचं ठरवलं आहे.
दुपारी. थांबलो नाही. ओठ राहिले होते.

११ जून
सासूबाई जरा रागावलेल्या वाटतात. असतीलही. त्या आमच्या लग्नाआधीच गेल्या, मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यामुळे माझी नजर निःपक्षपाती आहे. खोडरबर वापरून पाहिला. शाई गेली नाही, गाल गेला. गाल नव्याने काढला. गाल काढणं वाटतं तितकं सोपं नाही. सासऱ्यांचे फोन येताहेत, उचलले नाहीत. बायकोला सांगितलं, टोनर संपलाय.

१२ जून
कॉपी अप्रतिम! मूळ चित्राशेजारी ठेवली तर फरक ओळखू येत नाही. इतकी तंतोतंत प्रत आयुष्यात काढली नव्हती. जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, बघू तरी. म्हटलं, आधी बाबांना.

१४ जून
दोघं सासऱ्यांकडे गेलो. मूळ चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला. परत पुसला. खिडकीशी नेऊन पाहिलं. बायको त्यांच्या खांद्यावरून बघत होती, मग माझ्याकडे बघू लागली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
शेवटी सासरे म्हणाले, जावईबापू, यंत्राच्या मानाने बरी आलीय हो कॉपी, मेहनत घेतलीत. मग रिकाम्या फ्रेमची काच धोतराच्या टोकाने पुसली, हात पुढे केला आणि म्हणाले, आता माझं चित्र द्या.
दुकानात राहिलं म्हणालो. उद्या आणतो.