आरसा, घंटा, चोर

दि. ३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पत्त्यांच्या त्या फोनवरच्या खेळासाठी जुळवलेला डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, मी तपासला. तुमच्या शेवटच्या शंभर डावांच्या नोंदी पाहिल्या. जिंकलेले एकोणीस. मी रोज लिफ्टचे ब्रेक तपासते. याहून वाईट निकाल अजून पाहिलेला नाही.

डेक वाईट नाही. आरसा, घंटा आणि चोर ही तीन कार्डं टेबलावर आली की समोरचा हरतो, हे खरं आहे. पण ती एकदमच उतरवायला हवीत असा नियम नाही. मी नियम दोनदा वाचले. तुम्ही मात्र तिन्ही मिळेपर्यंत हातातलं काहीच खाली ठेवत नाही. हातात दहा कार्डं मावतात, अकरावं जळतं, म्हणजे कायमचं फुकट जातं. एकसष्ट डावांत या तिघांपैकीच एक जळलं.

रविवारच्या स्पर्धेत घड्याळाच्या दुकानातले तुमचे जुने भागीदार समोर असतील, असं आई म्हणाली. आलेलं कार्ड लगेच उतरवा. नाहीतर जाऊ नका.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढवलाच पाहिजे असं नाही.

आपली,
भाची

दि. ७ मार्च

चि. इंजिनीअरबाईंस,
अ. उ. आ.

निकाल वाचून मामी इतकी हसली की चहा सांडला. तुझं बरोबर आहे. पण घड्याळ उघडलं की सगळे भाग कापडावर मांडायचे, एकही कमी असेल तर स्क्रू लावायचा नाही, असं तीस वर्षं चाललंय. हात ऐकत नाही.

भागीदार चार वर्षांपूर्वी दुकान सोडताना भर गिऱ्हाइकांत म्हणाला, की ह्याच्या हातून घड्याळ सुटेपर्यंत माणूस म्हातारा होतो. तेव्हापासून बोलणं बंद. म्हणून मला त्याला एका फटक्यात हरवायचंय. मी जाणार.

लग्नाचं विचारत नाही. घाबरून पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
मामा

दि. १२ मार्च

चि. बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

स्पर्धा झाली. मी पहिल्या पाळीला काही उतरवलं नाही. त्यानेही नाही. दहाव्या पाळीला माझी घंटा जळली, बाराव्याला त्याचं कुठलंसं मुख्य कार्ड. टेबल कोरं. लोक उठून जाऊ लागले. शेवटी दोघांच्या गड्ड्या संपल्या आणि डाव बरोबरीत सुटला. नियमाप्रमाणे दोघेही बाद.

मी त्याला विचारलं, की बाबा, तू कशाची वाट बघत होतास? तो म्हणाला, “एक भाग कमी होता.” कापडाची ती पद्धत आम्ही दोघांनी मिळूनच लावली होती, ते मी विसरलो होतो.

सोमवारी तो दुकानात आला. एक भिंतीवरचं घड्याळ आम्ही मिळून उघडलं. अजून उघडंच आहे. पुढच्या वेळी जोडीने खेळावं, असं त्याच्या मनात आहे. तुझं मत कळव.

तुझा,
मामा

दि. १६ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मत प्रतिकूल आहे. एकाच सवयीची दोन माणसं एका बाजूला आली की जिंकण्याची शक्यता माझ्या हिशेबाने आणखी घटते.

जोड्यांच्या स्पर्धेचा फॉर्म भरून टाकला आहे. कर्णधाराचा रकाना रिकामा सोडलाय; तो तुम्ही दोघांनी बोलून भरायचा आहे. मुदत सहा महिन्यांची आहे. तुम्हा दोघांना पुरेल असं वाटतं.

मामींना नमस्कार. भागीदारकाकांनाही.

आपली,
भाची