रांगेबाहेरची तिवरं

बेलवली, बदलापूर (प.)

ती. बनूताईस,

धाकट्या श्रीपादचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझी कंबर धरली आहे. ती कशी धरली हे फोनवर सांगायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र.

तुझी भाची राजसी तुमच्या खाडीत तिवरांवर (तिच्या भाषेत खारफुटी) संशोधन करते, हे तू जाणतेसच. (आमच्या घरामागे गोडी असलेली नदी तुझ्या दारात खारट होऊन पोचते. वाटेत आम्ही कारखानेवाल्यांनीही तिला बरंच काही पाजलं, हे कबूल.) राजसीचं म्हणणं असं, की लोक रोपं लावतात, फोटो काढतात, लावलेली मोजतात, पुढे किती जगली ते कोणी मोजत नाही. आपोआप उगवलेल्यांची तर कोणी चौकशीच करत नाही. दोन वर्षं ती एका तुकड्यात नेमकं हेच पाहत होती. तिची पीएचडी त्यावरच उभी आहे.

गेल्या सोमवारी तिचे सर पाहणीला येणार होते. आता अंबरनाथच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस मी. पाहणी म्हटली की आदल्या दिवशी झाडलोट आणि सगळं एका रांगेत, हे माझ्या अंगात मुरलेलं. लेकीला मदत म्हणून रविवारी एकटाच चिखलात उतरलो. (तू लेकीकडे उल्हासनगरला, कॅम्प एकला गेली होतीस, नाहीतर विळा घेऊन आडवी आली असतीस.) लावलेली तीनशे रोपं बहुतेक वाळली होती, पण रांगेत होती, ती ठेवली. मध्ये मध्ये हिरवीगार, वेडीवाकडी उगवली होती, ती सगळी उपटली. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.

सोमवारी सरांनी रांगांचा फोटो काढला. राजसी मात्र मटकन खाली बसली. "बाबा, म्हशी शिरल्या वाटतं," म्हणाली. मी "हं" म्हणालो. ताई, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तुझा,
श्रीपाद

ता. क. खरं काम हे : राजसीचा फोन येईल. म्हशी गावातल्याच होत्या, एवढं सांग.

ता. क. (दुसरा) पाकीट चिकटवताना राहवेना. तिला सगळं सांगून टाकलं. मग मी वही पुढे केली. कारखान्याची सवय, काढून टाकलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवायची. कितवी रांग, किती इंच बाजूला, उंची किती. एकशे सव्वीस रोपं. रडता रडता हसली. "बाबा, अरे, ह्या वर्षीचं काउंटिंग माझं राहिलंच होतं. हा पूर्ण डेटा आहे!"

पण त्यातली पुढच्या वर्षी किती जगली असती, ते वहीत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही.

तेव्हा म्हशींचं राहू दे. भाद्रपदात बिया पडतील तेव्हा मी येतो. बांधावर एक खुर्ची टाकून ठेव, आणि मला तिच्यातून उठू देऊ नकोस.