द्रौपदीने सांगितलेला तक्ता

बुवापाडा, अंबरनाथ
१७ सप्टेंबर २००६

चि. सुदाम यास,
अ. उ. आ. आणि जय भीम.

बदलापूरला सगळे खुशाल असाल. इकडे तुझ्या वहिनीच्या पोटातली गाठ वाढली. पेजेची वाटीसुद्धा अर्धी परत येते. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच काय ते समजलो. यशोधरा डिसेंबरात हॉलंडहून येतेय. लेकीला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच द्रौपदीचं मागणं. पण आजाराचं तिला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. फोनवर उसना आवाज काढून बोलते.

एक गंमत सांगतो. पोरीने भरून द्यायला तक्ता पाठवलाय. देशोदेशीच्या घरांत, ज्याच्या-त्याच्या मिळकतीप्रमाणे, खाण्या-लेण्यामागे किती पाणी खर्च होतं ते तिचं ऑफिस मोजतंय. नळाचं नव्हे रे, तांदूळ पिकवायला, बकरं पोसायला, कापूस वाढवायला लागतं ते. खरं लिहायला बसलो तर वहिनी तुझी उशीला टेकून उठली. म्हणाली, पेज लिहिलीत तर पोर ओळखेल. मग ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. रविवारी मटण, बुधवारी सुकट, रोज लिटरभर दूध, आंबेमोहोर भात, उल्हासनगरहून आणलेल्या दोन सुती साड्या. सांगताना तोंडाला पाणी सुटलं होतं तिच्या. झाकली मूठ, दुसरं काय! तू नि तुझी बायको काशी गप्प राहा म्हणजे झालं.

माया आहे ती राहू दे.
तुझा दादा,
हरिचंद्र


हॉलंड
५ नोव्हेंबर २००६

ती. आई आणि ती. अप्पा यांना,
सा. न. आणि जय भीम.

तक्ता मिळाला. मिळकत कमी तिथे पाणी कमी, असं आमचे सर म्हणायचे. आपल्या पेन्शनीतल्या घराने त्यांना खोटं पाडलं! मटणा-दुधाने आकडा इथल्या घरांच्या जवळ नेलात. आई, खादाड झालीस की गं! फोनवर तुझा आवाज बारीक यायचा, म्हणून डिसेंबरचं तिकीट धरून बसले होते. तक्ता वाचला नि जीव भांड्यात पडला. आता तिकीट मेवर ढकललंय. तोवर काम पुरं होऊन नोकरी कायम होईल, मग महिनाभर राहीन. एक रविवार माझ्या वाटचा ठेवा.

लांब आहे म्हणून माया पातळ करू नका.
तुमची,
यशोधरा


बुवापाडा, अंबरनाथ
११ फेब्रुवारी २००७

चि. यशोधरा हिस,
अ. आ. आणि जय भीम.

परवा फोनवर तू एकच विचारलंस, की आई तर जेवत होती ना. त्याचं उत्तर लिहितो.

नव्हती जेवत, बाळा. तक्त्यातलं सगळं तिला खावंसं वाटणारं होतं, खाल्लेलं नव्हतं. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. मे म्हटल्यावर ती भिंतीकडे वळली. मी फोन लावायला उठलो, तर हात धरून म्हणाली, पोरीची नोकरी कायम होऊ दे, मी थांबते मेपर्यंत. आणि मी शहाणा, त्यावर विसंबून राहिलो. शपथ राखली नि मायलेकींची भेट घालवली.

खरं आता लिहितो. दोघांत आठवड्याला किलोभर तांदूळ, तिच्यासमोर मलाही घास उतरत नव्हता. दूध चहापुरतं. मटण नाही, सुकट नाही. नवी साडी एकच, ती परवा नेसवली. आधीचं खोडून टाक. तुझ्या कामात आमचं खोटं नको.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने लिहू?
तुझा,
अप्पा


हॉलंड
२० फेब्रुवारी २००७

ती. अप्पा यांस,
सा. न. आणि जय भीम.

पहिले आकडे खोडले, तुमचे भरले. सगळ्या देशांच्या यादीत आपलं घर तळाला गेलं. सर खूश झाले. म्हणाले, इतक्या थोड्या पाण्यात भागवणारं घर पाहिलं नव्हतं, इथल्या लोकांनी शिकावं. मी त्यांना सांगितलं, ते घर भागवत नव्हतं, त्या घरात माझी आई मरत होती.

इथे परत येण्याच्या व्हिसाचे अडकलेले कागद आज सुटले, शुक्रवारी निघते. पत्राआधी बहुतेक मीच पोहोचेन. तुमच्यावर फार राग आहे, तो तोंडावर काढता येणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते. दाराशी आले की आईला हाक मारायची सवय आहे. चुकून मारली, तर तुम्ही ओ द्या.

लोभ आहेच, अप्पा.
यशोधरा