नवऱ्याचा पायगुण

१७ ऑगस्ट

पिवळे जिंकले! तीन–शून्य! मी स्वयंपाकघरात होतो.

बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. टीव्ही मीच लावला, आवाज आमची ही ठेवायची तेवढाच मोठा. दार ओढून घेतलं आणि आत येऊन बटाटे सोलत बसलो. अर्धा सामना झाल्यावर लक्षात आलं – घरात आता मी एकटाच, मग दार कोणासाठी ओढलं?

सवय. लग्नाच्या वर्षी पिवळ्यांचा सामना चालू असताना मी चहाचा ट्रे घेऊन खोलीत शिरलो आणि आपल्यावर गोल झाला. बिस्किटं आणायला जाऊन परत शिरलो, दुसरा झाला. ही म्हणाली, "अहो, तुमचा पायगुण!" सगळीकडे नव्या नवरीचा पायगुण बघतात, आमच्याकडे नवऱ्याचा बघितला. तेव्हापासून सामना असला की मी आत आणि ही बाहेर, मध्ये दार. तीस वर्षं. माझी तक्रार नव्हती. फुटबॉलमधलं मला काय कळतंय!

एरवी ही बालवाडीची बाई. मुलांना "मूर्ख" म्हणायची नाही, "विसरभोळा" म्हणायची. पण सामन्याला टीव्हीचा आवाज असा की मांडणीवरची भांडी वाजायची.

चषक काही हिने पाहिला नाही. "एकदा उचलू देत हो, मग मी मोकळी," म्हणायची. आणि जूनमध्ये गेली, चषकाची वाट न बघता.

२५ ऑगस्ट

पुन्हा जिंकले. पुन्हा बटाटे.

२२ सप्टेंबर

मेव्हणी आली. हिची धाकटी बहीण, बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावते. आवाजाला भोंगा लागत नाही. दार ढकलून बघते तर रिकामी खोली, टीव्ही बोंबलतोय आणि मी आत सुरी घेऊन.

"भावोजी, सामना काय भिंतींना दाखवताय?" म्हणाली. मग चपला काढून खाली जमिनीवर बसली. हिच्या खुर्चीत नाही बसली.

तिथूनच मला ओरडून सगळं सांगत होती. "गेला, गेला, गेला – अरे वरून घातलास की रे, तुझ्या –" आणि मोठा खोकला आला तिला.

दोन–एक. जिंकलो.

९ नोव्हेंबर

अजून हरलेले नाहीत! पेपरात फोटो. कामावर सगळे बोलत होते, मीही बोललो. "मधली फळी फार छान खेळतेय," म्हणालो. मधली फळी म्हणजे कोण, देव जाणे. मेव्हणी म्हणते तेच म्हटलं.

ती म्हणते, "क्लबने तुम्हाला पगार दिला पाहिजे. आत बसण्याचा."

१८ जानेवारी

आज जीव जायची वेळ आली होती! गॅस पेटवायला काडेपेटी नाही. ती बाहेर टीव्हीवर. वाटलं, मान खाली घालून जाऊ आणि येऊ. दोन पावलं आत गेलो. नुसतं हिरवं दिसलं – आणि गोल. आपल्यावर!

"भावोजी, मागे! मागे फिरा!"

उलट्या पावली आलो, मांडणीला धडकलो. दार लावतोय तोवर बाहेर किंकाळी. बरोबरी! मी शास्त्र शिकलेला माणूस. पण हे कसं नाकारू?

चहा नाही झाला. काडेपेटी बाहेरच राहिली.

६ मार्च

चपलाही न काढता लिहितोय.

काल सामन्यात लंबूला कोपर लागलं – लंबू म्हणजे आपला कप्तान – आणि पुढचा दात अर्धा तुटला. आज दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन. "साचा पाठवतोय. घाईचं काम आहे. कोणाला बोलू नका." साच्यावर चिठ्ठी. नाव वाचून टेबल धरलं.

एवढी वर्षं कवळ्या आणि दात बनवतोय. म्हातारे, म्हाताऱ्या, सायकलवरून पडलेले. आणि आज लंबूचा जबडा माझ्या तळहातावर!

संध्याकाळी जिने दोन-दोन पायऱ्या चढत आलो. किल्ली लावली तेव्हा आठवलं. अशी बातमी, आणि घरात सांगायला कोणी नाही.

मग मेव्हणीला फोन केला. ती एवढी ओरडली की कान बधिर झाला. चला, डॉक्टर "बोलू नका" म्हणाले होते. मी बोललो कुठे, ओरडली ती.

९ मार्च

दात झाला. खालच्या कडेला किंचित निळसर झाक दिली, नाहीतर चुन्यासारखा दिसतो. हिला आवडला असता.

११ मे

उद्या शेवटचा सामना. जिंकलो तर चषक, नाहीतर निळे घेऊन जाणार.

मला एकच हवंय. चषक उचलताना लंबू हसणार, तोंडभर. तो दात मला बघायचाय. पण खोलीत शिरलो आणि आपण हरलो तर? हिने तीस वर्षं वाट बघितली. माझ्या पायाने तेवढंही जायचं?

मेव्हणीने निकाल दिला. "शेवटची शिट्टी झाली की या. आधी उंबऱ्याला पाय लागला तर तंगडी मोडीन."

१२ मे

जिंकलो जिंकलो जिंकलो!!

क्रमाने लिहितो. एक–एक होते. वेळ संपत आलेली. माझे सगळे बटाटे सोलून झाले, मग कांदे, मग सोलायला काही उरलं नाही. मेव्हणी म्हणाली, "पेनल्टी!" मी विचारलं, "कोणाला?" दाराला डोकं लावून उभा राहिलो. "कोणाला गं?" आणि मग अख्खी इमारत ओरडली! वरचे, खालचे, समोरचे! हातातली बशी गेली. तरी हललो नाही. शिट्टी कुठे झाली होती?

"या! या भावोजी! झाली शिट्टी!"

पाय उचलेना. दंड धरून ओढलं तिने मला.

लंबूने चषक डोक्यावर घेतला आणि हसला. दिसला! वरचा, डावीकडचा! "माझा दात! माझा दात!" मी ओरडलो. मी! लिफ्टमध्येही जो बोलत नाही तो. मेव्हणी आणि मी हात धरून गरागरा फिरलो. खालून कोणीतरी छत ठोकत होतं, तक्रार म्हणून की आनंदाने, कळलं नाही. मग दोघांनी उकडलेले बटाटे खाल्ले, नुसत्या मिठाबरोबर. ढीगभर होते.

हिच्यासाठी एवढं तरी जमलं मला. आत बसून का होईना.

१६ ऑगस्ट

नवा हंगाम. पहिल्याच सामन्यात काडेपेटीसाठी बाहेर आलो आणि आपल्यावर गोल. परत फिरत होतो तर मेव्हणीने सदरा धरला. "बसा हो. पायगुण-बियगुण काही नव्हतं. ताईला शिव्या द्यायच्या असायच्या. आमच्या डेपोतले ड्रायव्हर कान धरतील अशा. 'ह्यांच्यासमोर तोंड कसं सोडू?' म्हणायची. म्हणून दार, म्हणून आवाज मोठा. मे महिन्यातच सांगणार होते, पण तुम्ही एवढे खूश होता."

बालवाडीची बाई!

बसलो. हिच्या खुर्चीत. दुसरा गोल झाला. "अशा वेळी कोणती द्यायची ती?" मेव्हणीने कानात सांगितली.

तिसऱ्या गोलाला मी ती दिली. टीव्हीचा आवाज बारीक करून.