राणी जांभळी झाली त्याची हकीकत

सावली, ता. १९ नोव्हेंबर १९५७

तीर्थस्वरूप गुणवंतराव भाऊजींना, आणि भाऊजींच्या डोळ्यांवर पट्टी आहे तोवर हे पत्र ज्यांना वाचून दाखवावं लागणार त्या इंदुताईला, धाकट्या नथ्थूचा दोघांच्या पायांवर एकदमच नमस्कार.

मोतीबिंदू व्यवस्थित निघाला हे ताईचं कार्ड परवा मिळालं आणि जीव भांड्यात पडला. कमळेनं लगेच मारुतीपुढे नारळ फोडला आणि अर्धा वर्गात वाटायला माझ्याकडे दिला. (वर्गात सध्या सातच पोरं येतात. बाकीची धान कापायला गेली आहेत. त्यामुळे खोबरं पुरलं.) डॉक्टरांनी भाऊजींना आठ दिवस हसायचं नाही, खोकायचं नाही आणि मान हलवायची नाही असं सांगितल्याचं कळलं. म्हणून या पत्रात हसण्यासारखं काहीही येणार नाही याची मी काळजी घेतली आहे. जे आहे ते सगळं रडण्यासारखंच आहे. तरीही कुठे भाऊजींचा ओठ हलताना दिसला तर ताईनं तिथेच थांबावं आणि उरलेलं उद्या वाचावं.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझं पोट ठीक आहे, कारण गेले तीन आठवडे काळजीनं मी जेवतच नव्हतो. त्या काळजीचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र.

भाऊजी, जूनमध्ये नागपूरला तुम्ही तुमचे बेचाळीस चांदीचे रुपये माझ्या हवाली केलेत. तीस वर्षं नागभीड, मूल, बल्लारशा अशा स्टेशनांच्या तिकीटखिडकीत बसून, वेगळा रुपया दिसला की स्वतःच्या खिशातला रुपया गल्ल्यात टाकून तो तुम्ही बाजूला काढलात. मला तुम्ही चांद्याला स्वतःच्या क्वार्टरमध्ये ठेवून घेऊन शिकवलंत, तेव्हा त्या डब्याला हात लावायचीही मला परवानगी नव्हती. आणि तोच डबा तुम्ही माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, आता मला रुपयावर राणी कोणती आणि राजा कोणता ते ओळखू येत नाही, तूच सांभाळ. आज पत्रात सांगतो की मला आजवर कुणीही एवढं मोठं काही दिलेलं नाही. याबद्दलचे आभार आधीच मानून घेतो, कारण पुढचं वाचल्यावर ते मानायला मला तोंड राहणार नाही.

तुमचा प्रत्येक रुपया जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला होता. तो तसाच ठेवला असता तर हे पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं. पण माझ्या मनात आलं की भाऊजींची पट्टी निघेल, जाड चष्मा येईल, तेव्हा त्यांनी बेचाळीस चिंध्या सोडत का बसावं? त्यांच्यापुढे एक देखणा आल्बम ठेवावा. पान उलटलं की सहा रुपये, पुन्हा उलटलं की सहा. मी तुमच्यासाठी आजवर काही केलेलं नाही, तर एवढं तरी करावं. भाऊजी, हेतू चांगला होता, एवढं पुढच्या प्रत्येक वाक्यागणिक लक्षात ठेवावं.

आमच्या शाळेची रजिस्टरं बांधणारा लटारू म्हणून एक आहे. त्यानं जाड पुठ्ठ्याची सात पानं केली आणि बरोबर रुपयाएवढी भोकं पाडली. कसर लागू नये म्हणून खळीत त्यानं मोरचूद घातलं आणि वर मला त्याबद्दल अभिमानानं सांगितलं. रुपयांना टोचू नये म्हणून मी भोकांच्या मागे लोकरी कापड लावलं. (हे कापड कुठून आलं ते कमळेला परवा थंडीचं पांघरूण काढल्यावर कळलं.) रुपये पडू नयेत म्हणून प्रत्येक ओळीवरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. लटारू म्हणाला, गुर्जी, आता हे पुस्तक विहिरीत टाकलं तरी रुपया निघत नाई. मी त्याला शाबासकी दिली.

आता ठेवायचं कुठे? घराला कडी आहे, कुलूप नाही. साऱ्या सावली गावात दोन कुलपांचं एकच कपाट, ते शाळेचं. त्याच्या खालच्या कप्प्यात हजेरीबुकं, शाईची पूड, जगाचा नकाशा आणि पोरांच्या खरजेवर वाटायला आलेले मलमाचे बारा डबे होते. वरचा कप्पा रिकामा होता. तिथे मी आल्बम ठेवला, दोन्ही कुलपं लावली आणि पावसाळाभर निर्धास्त झोपलो.

दिवाळी झाल्यावर तो कमळेला दाखवायला घरी आणला. पहिलं पान उघडलं आणि मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाचे रुपये आणले. राणीचा गाल जांभळा, मान हळदीसारखी पिवळी. एडवर्ड बादशहाचं टक्कल मोराच्या मानेसारखं निळंहिरवं. जॉर्ज तर तव्यासारखा काळा, आणि ट्यूबची पट्टी जिथून गेली होती तिथे सगळ्यांच्या तोंडावरून एक सरळ काळी रेघ. कमळेनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगा माय, राणीले कावीळ झाली!" मी मात्र सातही पानं उलटून बघितली. तुम्ही तीस वर्षं सांभाळलेलं मी चार महिन्यांत घालवलं होतं, आणि तुमच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली होती.

(ताई, हा कंस मनातल्या मनात वाच. घाबरून मी एक जॉर्ज चिंच आणि राखेनं घासला. तो चमकला, पण डब्याच्या झाकणासारखा, आणि त्याच्या मिशा गेल्या. दुसरा उचलला तेव्हा कमळेनं माझ्या हातातून चिंच काढून घेतली आणि तिची चटणी केली. तर बिनमिशांचा एक आहे. भाऊजींना तू सवडीनं सांग.)

त्यानंतरच्या बाजाराची गोष्ट. वैनगंगेपलीकडच्या रानातल्या गावाहून सोमारी नावाची म्हातारी दर आठवड्याला आमच्या बाजारात मध आणि डिंक विकायला येते. तिच्या गळ्यात अकरा रुपयांची माळ आहे. इतकी वर्षं मी ती बघून न बघितल्यासारखी केली होती. त्या दिवशी मात्र माझं लक्ष गेलं. तेच राजे, तीच राणी, आणि सगळे पांढरे स्वच्छ! मी मधाची बाटली हातात घेऊन तिच्या गळ्याकडे टक लावून उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, पण शेजारचा मिरच्यावाला वजन करायचा थांबला, यावरून बराच असावा. सोमारीनं पदर ओढून माळ झाकली आणि मोठ्यानं विचारलं, "गुर्जी, मध पाह्यता का मले पाह्यता?"

भाऊजी, पंधरा वर्षांची माझी अब्रू त्या क्षणी बाजारात पडली होती. ती कमळेनं उचलली. ती पुढे झाली, सोमारीजवळ उकिडवी बसली आणि सगळं सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या भाऊजींचे रुपये आहेत, त्यांचे डोळे गेले आहेत, दिसायला लागल्यावर त्यांना ते बघायचे आहेत, आणि यांनी ते काळे करून ठेवले. एवढ्या थोडक्यात आणि एवढं खरं मला कधीच सांगता आलं नसतं. सोमारी म्हणाली, "आण ना, पाहू तरी."

आल्बम आणला. तिनं तो उघडला नाही. आधी नाकाशी नेला. मग कमळेला म्हणाली, "याले खरजेच्या मलमाचा वास येऊन राह्यला. मागच्या साली मले खरूज झालती. दवाखान्यातून हाच मलम भेटला. तीन दिवस लावला, तं बोटातली चांदीची आंगठी काळी ठिक्कर. खरूज गेली, आंगठी गेली." मग तिनं ट्यूबची पट्टी ओढून सोडली, ती फटकन वाजली. तिचाही वास घेतला. "हाही त्याचाच भाऊ."

मी उभ्या उभ्या सगळं समजलो. गंधक! सातवीच्या पोरांना मी स्वतः शिकवतो की गंधकानं चांदी काळी पडते. फळ्यावर लिहून देतो. मलमात गंधक, रबरात गंधक, लोकरीतही तेच, त्यात पावसाळ्याची ओल, आणि वर मी दोन कुलपं लावलेली, की त्यातलं काही बाहेर जाऊ नये. मी विचारलं, आता घासू का? सोमारीनं माझ्याकडे, खोकणाऱ्या म्हशीकडे बघावं तसं बघितलं. "घासता काऊन? रंग जाईल तं राजाही जाईल. सुक्यात ठेवा, सुताच्या कपड्यात ठेवा, अन् हात कमी लावा." मधाचे पैसे तिनं पूर्ण घेतले, सल्ल्याचं काही घेतलं नाही. तिला माळेतली एक राणी विकतेस का असं मी विचारून पाहिलं (सवय लागते, भाऊजी, तुम्हाला माहीतच आहे), तर म्हणाली, "माह्या मायनं देल्ली. तुमचे भाऊजी इकतील का त्याईचे?"

मग कमळेनं आल्बम केला. माझी जुनी धोतरं दोनदा नुसत्या पाण्यात उकळली, खळ नाही, नीळ नाही, साबण नाही. त्याची सात पानं शिवली. प्रत्येक पानावर सहा खिसे, आणि खिसा असा कापलेला की रुपया कुशीत बसतो आणि चेहरा तेवढा बाहेर डोकावतो. कुठेही खळ नाही, लोकर नाही, रबर नाही. आल्बम आता तुमच्याच पत्र्याच्या डब्यात आहे. आत तव्यावर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली आहे, ती ओल ओढून घेते. दर पंधरा दिवसांनी कमळा नवे तांदूळ भाजणार आहे. दोन आठवडे होत आले, रंग जिथे होता तिथेच थांबला आहे. काळेपणा एक केसभरही पुढे सरकलेला नाही. मी रोज बघतो. (हात लावत नाही.)

तेव्हा भाऊजी, चष्मा आल्यावर तुम्हाला राणी जांभळी दिसेल. तो डॉक्टरांचा दोष समजू नये, दोष माझा आहे. रागवायचं तेवढं रागवा. पण मला तुमचे उपकार त्या डब्याएवढेच वाटत होते, ते तसे नाहीत हे या तीन आठवड्यांत कळलं. एक वस्तू तीस वर्षं जशीच्या तशी ठेवणं म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही मलाही तसंच ठेवून घेतलं होतंत, हात न लावता आणि ओल लागू न देता. कमळा, सोमारी आणि तुम्ही, तिघांचाही मी ऋणी आहे. लटारूचाही आहे, पण त्याला सांगणार नाही, तो पुन्हा काहीतरी बांधेल.

ताईच्या गुडघ्याला तेल चालू ठेवावं. भाऊजींनी मान हलवू नये.

आपला आज्ञाधारक (यापुढे तरी),
नथ्थू

ता.क. एक अडचण राहिली. कमळेनं प्रत्येक खिशाखाली कागदाची एक कोरी पट्टी टाचली आहे. कोणता रुपया कोणत्या स्टेशनावर, कुणाकडून आला, ते तिथे लिहायचं आहे. ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार? बेचाळीस पट्ट्या, रोज एकच सांगायची, म्हणजे दीड महिना तर सहज. तेव्हा डोळ्यांवरची पट्टी निघाली की नागपूरच्या भाड्याच्या त्या खोलीला कुलूप लावून दोघांनी इकडे यावं. घाई नाही, चार-सहा महिने राहिलात तरी चालेल. त्याहून जास्त राहिलात तर अधिकच चांगलं.

दुसरा ता.क. (ताई, हाही मनातल्या मनात वाच. बेचाळीसही रुपयांच्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत, स्टेशनासकट. त्या मी तुमच्या क्वार्टरमध्ये रोज जेवताना ऐकल्या आहेत. पट्ट्या मी आजच्या आज भरू शकतो. पण तुम्ही या म्हटलं तर भाऊजी येणार नाहीत, आणि काम आहे म्हटलं तर पहिल्या गाडीनं येतील. मागची खोली कमळेनं काल सारवून घेतली.)