शेवटच्या नळाचं पाणी

लिंबायत, सुरत
३ डिसेंबर १९९६

प्रिय नूतनताई,

वाल्मिकभाऊ परवा तुमच्या दोंडाईच्याहून आला. तुला सहावा महिना आहे, हे त्याच्याकडून कळलं. तू कळवलं नाहीस. कळवावंस असं मी काही केलेलंही नाही. तरी लिहिते आहे. आधी इकडचं सांगते, कारण तू पाहिलेलं सुरत आता तसं राहिलेलं नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी माणसं गाड्यांच्या टपावर बसून पळाली. आई-बाबाही महिनाभर गावी होते. मी पालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत तात्पुरती लागले होते, म्हणून थांबले. गेल्या वर्षापासून कारभार बदलला आहे. अधिकारी सकाळी सातला गल्लीत हजर असतात, ऑफिसात दुपारनंतर बसतात. साहेब स्वतः गटारात वाकून बघतो, हे पाहायला पहिल्या आठवड्यात गर्दी व्हायची. दवाखान्यांनी तापाचे रुग्ण किती ते रोज कळवायचं. एका गल्लीत आकडा वाढला की दुसऱ्या दिवशी तिथे माणसं पोचतात.

माझं काम शेवटच्या नळाचं. टाकीजवळ पाणी चांगलंच असतं, म्हणून आमच्या साहेबांनी नियम केला की नमुना लाइनच्या अगदी टोकाच्या घरून घ्यायचा. पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि ते पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन तिथपर्यंत पोचलं. पहिल्या दिवशी आपल्या समोरच्या पुष्पाबाईंनी चारचौघींत मला विचारलं होतं, “काय वं बाई, आमनं पानी पिवळं कसाले करस?” आता रंग जरा कमी आला की त्याच मला हाक मारून दाखवतात आणि साहेबाला सांग म्हणतात.

चाळमालकाने गटारातून ओढलेला आपला पाइप पालिकेने मे महिन्यात काढून टाकला. नवी लाइन आली. ऑगस्टपासून आपल्या नळाचं पाणी मी रोज तपासते. क्लोरीन एकदाही ०.२ च्या, म्हणजे लागतं त्या किमान प्रमाणाच्या, खाली गेलेलं नाही. प्रसूतिगृह चालत बारा मिनिटांवर आहे. मी दोनदा चालून पाहिलं, एकदा अगदी सावकाश. डॉक्टरीणबाई रोज असतात.

दुसरं बाळंतपण सासरी करतात, हे मला माहीत आहे. तुझ्या सासूबाई नावं ठेवतील. तरी तू इकडे यावंस असं मला वाटतं. मात्र ते मागायच्या आधी तुला एक गोष्ट सांगणं भाग आहे.

पंच्याण्णवच्या जानेवारीत तुझं पत्र आलं होतं, सातव्यात न्यायला या म्हणून. मी ते आईला वाचून दाखवलं. उत्तर नेहमीसारखं तिने सांगितलं आणि मी लिहिलं. तुला मिळालं ते असं: इकडे पाणी वाईट आहे, रोगाचा भरवसा नाही, तू तिकडेच राहा. खाली आईचं नाव. ताई, पाणी खरंच वाईट होतं. पण आईने ते सांगितलं नव्हतं. तिने ‘ये’ सांगितलं होतं. घरात शिकलेली मी. तुला इथे काही झालं तर सगळे मलाच जाब विचारतील, याची मला भीती वाटली. आईला मी सांगितलं की सासरचे पाठवत नाहीत.

मार्चमध्ये जीप मिळेपर्यंत उशीर झाला आणि बाळ गेलं. आई तुझ्याकडे आली तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. ती मला म्हणाली, पोर दुःखात आहे. तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही.

काल तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिने तव्यावर टाकली, उलटली. मग म्हणाली, कागद घे. तिने सांगितलं ते तसंच लिहिते: “नूतन, मी तुले ये सांगेल व्हतं. आते बी ये. मी आठे शे.”

माझ्यावर रागावलीस तर ते बरोबरच आहे. आई इथे आहे म्हणते, तिला मात्र दोन ओळी लिही. पुष्पाबाईंची चंचल आता आठवीत आहे, चांगलं मराठी वाचते. तुझं पत्र आलं की आईला ते चंचल वाचून दाखवेल. मी बाहेर थांबेन.

तुझीच,
पल्लवी