बाबांच्या कॉम्प्युटरचा ताप

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक हलका धपाटा. तुझी मान आता कशी आहे? आम्ही सगळे बरे आहोत (पत्रात लिहितात तितपत बरे). फोनवर मी 'बाबा' एवढा शब्द काढला की तू "ताई, वकिली नको" म्हणून फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर निदान आधी वाच.

तर बाबांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बांधला, हे तुला माहीत आहे. तयार आणा म्हटलं, तर "बंद डबा मी घरात घेत नाही" म्हणाले. सगळा जन्म कागद कारखान्याच्या बॉयलरपुढे काढलेला माणूस! सुटे भाग आणून जेवणाच्या टेबलावर मांडले, आणि आम्ही कितीतरी दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवलो. मशीन एकदाचं सुरू झालं, आणि बाबांनी पहिल्यांदा काय केलं, तर प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाकला (दुसऱ्या कुणी गाणी लावली असती). मशीन दर वेळी सुरू केलं की आकडा आधी साठ, मग ऐंशी, आणि बघता बघता एकशे अठरा!

पुढचं विचारू नकोस. प्रोसेसरवरचा पंखा उतरवून खालची राखाडी पेस्ट पुसली, नवी लावली. एकशे अठरा. पेस्ट जास्त झाली म्हणून परत पुसली (माझ्या चांगल्या रुमालाने). एकशे अठरा. आणखी दोन पंखे बसवले. शेवटी झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, तेव्हा तुझ्या भावोजींचे ऑफिसचे कागद शेजाऱ्यांच्या गॅलरीत गेले, आकडा मात्र जागचा हलला नाही. मी आत हात लावून म्हटलं, "बाबा, हे तर गार आहे." तर म्हणतात, "आतला ताप असाच असतो, वरून कळत नाही." काट्यावर अविश्वास दाखवणं त्यांना जमतच नाही गं. काटा बिघडलाय म्हणून एकाने बॉयलरकडे दुर्लक्ष केलं होतं, त्याचे भाजलेले हात बाबांनी पाहिलेत.

आता नीट वाच. तू व्हिडिओ कॉलवर स्क्रीनवर यायचीस, "बाबा, कसे आहात?" विचारायचीस, आणि ते तुझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसायचे. शंभर ओलांडले की थेट प्लग काढायचे. तुला वाटलं, तू स्वतःच्या मर्जीने केलेल्या लग्नाचा राग अजून गेलेला नाही, तोंडावर बंद करतात. मी म्हटलं, तिला कळवा तरी. तर म्हणाले, "मी स्वतः बांधलाय म्हणून सांगितलंय तिला. आता जळतोय म्हणून सांगू?" (तुझा हट्टीपणा कुणाकडून आला, हा शोध आता थांबवायला हरकत नाही.) शेवटच्या वेळी तू रडत होतीस. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय," इतकंच म्हणालीस आणि त्यांनी प्लग काढला. त्यानंतर तू आलीच नाहीस. "काय सांगायचं होतं गं तिला?" असं ते मला रोज विचारतात.

काल मीच दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आधी मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये पाहिलं, तिथे अडतीस. मग म्हणाला, "काका, बोर्डावर एक जागा रिकामी आहे, तिथे काही जोडलेलंच नाही. तुमचा प्रोग्रॅम तिथला आकडा वाचतोय आणि त्याला प्रोसेसर म्हणतोय." त्याने दुसरा प्रोग्रॅम टाकला. एक्केचाळीस. त्याला दिलेला चहा गार व्हायच्या आत काम संपलं.

मला वाटलं, बाबा त्याच्याशी वाद घालतील. ते त्याला दारापर्यंत सोडून आले. तो गेल्यावर म्हणाले, "म्हणजे तिला बोलू देता आलं असतं." मग उठून पेचकस, चिमटे, उरलेली पेस्ट, सगळं एका पिशवीत भरलं आणि माझ्या हातात दिलं. जेवले नाहीत.

हे आपलं माहितीसाठी. तू काय करावंस ते मी सांगणार नाही.

तुझीच,
ताई

ता. क. बाबा म्हणतात, मशीन खरंच तापत होतं असं लिही. तर तसं लिहिलंय असं समज.

आणखी एक ता. क. बाबांनी स्क्रीन चांगला मोठा घेतलाय; का, हे तुला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे. त्यांचा डावा डोळा गेला. उजव्याबद्दल विचारलं की डॉक्टर विषय बदलतात. कालपासून मशीन बंद केलेलं नाही. दिवसाउजेडी स्क्रीनवर ये, आणि खिडकीकडे तोंड करून बस.